या डोळ्यानं हिरवं, त्या डोळ्यानं निळं

जुलैमध्ये आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून आम्ही रिक्षानं घरी आलो. मी सुट्टे पैसे शोधत होते, तोवर आई फाटक उघडून पायरीपाशी गेली आणि तिथंच थांबली. काळा चष्मा तिनं कपाळावर सरकवला, उजव्या डोळ्यासमोर तळहात धरला. मग तो काढून डाव्यासमोर धरला, डोळ्याला न टेकवता. परत उजव्यासमोर. मला वाटलं, डोळ्यातून पाणी येतंय. धावत गेले.

"दाराला रंग कधी दिला गं?" तिनं विचारलं.

"कुणी दिला? अण्णांनी दिला होता तोच आहे."

"मग हा निळा कसा? या डोळ्यानं हिरवं दिसतंय, त्या डोळ्यानं निळं."

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि पिवळं भिंग निळा प्रकाश अडवतं. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ भिंग बसवतात, आणि अडलेला निळा एकदम आत येतो. एकच डोळा झालेला असला की दोन्ही डोळ्यांतला फरक बघता येतो. दुसरा झाला की तो फरक संपतो. आईनं ते सात-आठ आठवडे मनसोक्त वापरले. रोज सकाळी ती घरातली एखादी वस्तू अशी दोन्ही डोळ्यांनी तपासायची. पातेल्याचा काठ, माझा ड्रेस, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर. तसबिरीतला कोट कुठल्या निळ्याचा आहे हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट दिसलं, आणि त्या दिवशी ती बराच वेळ काही बोलली नाही.

पण माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू नव्हता. तरी मीही त्या दाराला हिरवंच म्हणत आले होते. असं का, ते शोधायला मला पुढचे दोन महिने लागले.

आमचं घर सिडकोतलं, पवननगरच्या बाजूचं. सिडकोनं नवीन नाशिक वसवायला घेतलं आणि एकामागोमाग सहा योजना झाल्या. अजूनही जुनी माणसं पत्ता सांगताना चौकाचं नाव सांगायच्या आधी 'पाचवी स्कीम', 'सहावी स्कीम' असंच म्हणतात. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत पहिली-दुसरी पाळी करणाऱ्या माणसांची ही वस्ती. आमचा नंबर १९८६ साली लागला. तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्याआधी आम्ही गावात भाड्यानं राहायचो. घर बघायला गेलं की भाड्याचा आकडा निघायच्या आधी आडनाव विचारलं जायचं, आणि आडनाव कळलं की "कळवतो" म्हणायचे. अण्णांनी असे किती 'कळवतो' ऐकले याची मोजदाद त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही, आईनं सांगितली. सोडतीत मात्र अर्जाचा नंबर बोलतो. चिठ्ठी निघाली आणि आम्ही घरमालक झालो.

आमच्या ओळीतली सगळी घरं एका साच्यातली. तशाच दोन पायऱ्या, तशीच खिडकी, तसंच करड्या रंगाचं दार. राहायला गेल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी शाळेतून एकटी आले, दार ढकललं, आत गेले, दप्तर ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. आतून एक अनोळखी बाई आल्या. त्यांनी मला बघितलं, विचारलं काहीच नाही. गूळ-पोळीचा रोल करून हातात दिला, पाणी दिलं. पोळी संपत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की कोपऱ्यातलं शिलाई मशीन आमचं नाही. मग मी रडायला लागले. काकू मला कडेवर घेऊन एकेका घरासमोर उभ्या राहत गेल्या, "हे का गं? हे का?" असं करत. आमचं घर पलीकडचं तिसरं निघालं.

त्याच रविवारी अण्णांनी दार रंगवलं. स्वतः रंगवलं, रंगारी लावायला पैसे नव्हते. ते ज्या लेथवर काम करायचे तिच्या अंगाचा जो फिका हिरवा होता, तसाच रंग त्यांनी दुकानातून मागून आणला. कारखान्यातली बहुतेक यंत्रं त्या काळी त्याच हिरव्यात असायची. त्यांच्या डोळ्याला दिवसाचे आठ तास सवयीचा असलेला तो रंग. माझा हात धरून त्यांनी मला रस्त्याच्या तोंडाशी नेलं आणि म्हणाले, "आता कुठलं आपलं?" मी पळत सुटले ती थेट दाराला धडकले. रंग ओला होता. फ्रॉक गेला, पण चूक परत झाली नाही.

तिथून आमचं नाव 'हिरव्या दाराचं घर' पडलं. पोस्टमन, गॅसवाला, दूधवाला, दळणाचा डबा पोचवणारा मुलगा, सगळ्यांच्या तोंडी तेच. पुढं ९८ साली अण्णांनी दार कॉफीच्या रंगाचं केलं, तेव्हाही लोक हिरव्या दाराचं घरच म्हणत राहिले. मग २०११ साली तिसरा रंग आला, तो बऱ्यापैकी हिरव्याकडं झुकणारा, त्यामुळं नाव आणि दार यांचा परत मेळ बसला असं आम्हाला वाटलं. त्यातून अंगणावर आम्ही पिवळट फायबरचा पत्रा टाकलेला होता. त्याखाली जो उजेड पडायचा तो गाळून आलेला, आईच्या भिंगासारखाच. यंदा मे महिन्यातल्या वादळी वाऱ्यात तो पत्रा फाटला आणि आम्ही काढून टाकला. दार तेव्हापासून उघड्या उजेडात होतं. मी रोज त्यातून आत-बाहेर करत होते आणि बघत नव्हते.

दार रंगवायचं ठरलेलंच होतं. आमचं दार पश्चिमेला. चार महिने पाऊस थेट अंगावर घेतं आणि उरलेले आठ महिने दुपारचं ऊन. खालची फळी फुगली होती, कुलपाच्या कोयंड्याभोवती रंगाचे पापुद्रे सुटले होते. रंगारी काका जुन्या नाशकातले, तिवंधा चौकाच्या बाजूचे. ऑगस्टमध्ये येऊन त्यांनी दारावर नुसती टकटक केली आणि सांगितलं, "मावशी, लाकूड पाणी प्यायलंय. आत्ता रंग मारला तर आतला ओलावा फोड आणून बाहेर निघेल. पाऊस उघडू द्या, पंधरा दिवस ऊन खाऊ द्या. तोवर रंग कुठला ते ठरवा."

मग म्हणाले, "तुमचं बरंय, ठरवता तरी येतं. आमच्या रहाडीला पिवळाच."

नाशिकची रंगपंचमी ज्यानं बघितली नाही त्याच्यासाठी सांगते. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पेशव्यांच्या काळापासूनचे दगडी हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर ते लाकडी फळ्या टाकून मातीखाली बुजवलेले असतात, वरून गाड्या जातात. रंगपंचमीला उकरतात, पूजा करतात, फुलापानांचा रंग उकळून भरतात आणि माणसं त्यात उड्या टाकतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाज्याची केशरी, शनी चौकातली गुलाबी. तुमच्या अंगावरचा रंग बघून तुम्ही कुठल्या रहाडीत पडून आलात ते सांगता येतं. काकांना त्याचा अभिमान आहे, आणि तो असायला हरकत काय आहे. पण 'रंग बघून कुठला ते कळतं' हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात निराळ्याच ठिकाणी जाऊन बसलं.

सप्टेंबरमध्ये आईचा दुसरा डोळा झाला. त्याच सुमारास मी माळ्यावरचं सामान काढत होते, दाराला लागेल म्हणून जुना ब्रश शोधायला. पत्र्याच्या ट्रंकेमागं रंगाचा अर्ध्या लिटरचा डबा सापडला. झाकण गंजून चिकटलेलं, आतला रंग वाळून रबरासारखा. अण्णांना प्रत्येक वस्तूवर लिहून ठेवायची सवय होती. बल्बच्या खोक्यावर तारीख, मिक्सरच्या तळाला किंमत, छत्रीच्या दांड्याला आडनाव. डब्यावरही कागदी चिकटपट्टी होती आणि त्यावर बॉलपेननं, त्यांच्या त्या ताठ अक्षरांत:

पुढचं दार. निळा. २ ऑक्टोबर २०११.

मी कॅलेंडर काढून बघितलं. तो रविवार होता. त्याच आठवड्यात, गुरुवारी, दसरा होता. म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन.

डबा घेऊन मी जिन्यातच बसले. माझ्या अण्णांनी दाराला निळा दिला होता. त्यात हिरव्याची इतकी भर घातली होती की बघणाऱ्यानं त्याला हिरवा म्हणावं. लोकांनी म्हटलं. आम्हीही म्हटलं. त्यांनी आठ वर्षं, जाईपर्यंत, कुणालाही दुरुस्त केलं नाही.

निळ्याचं आमच्या घरात काय आहे हे मराठी वाचकाला फार सांगायला नको. बाबासाहेबांनी १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन काढलं, त्याचा झेंडा निळा होता. तिथून तो रंग वस्तीवस्तीत गेला. चौदा एप्रिलला आमच्या घरात निळा असायचा, पण घराच्या आत. आईच्या काठाला, माझ्या रिबिनीला, तसबिरीच्या हाराला. बाहेरच्या बाजूला, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा, कधी नव्हता. अण्णा भित्रे नव्हते. युनियनच्या गेट मीटिंगला ते पहिल्या रांगेत असायचे. पण ज्या माणसानं घरासाठी दारोदार 'कळवतो' ऐकलेलं असतं तो आपल्या स्वतःच्या दारावर काय लिहायचं याचा फार विचार करत असणार. आता मला वाटतं, त्यांना निळा हवा होता आणि शांतताही हवी होती. दोन्ही एका डब्यात बसेल असा रंग त्यांनी शोधून काढला.

आणि त्यांच्याही आधी आजोबा आहेत. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आजोबा विशीतले होते. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या बरोबर जी माणसं मंदिराच्या चारही बंद दरवाज्यांसमोर बसायची, त्यांत ते पाळीपाळीनं बसायला गावाहून चालत यायचे. सत्याग्रह पाचेक वर्षं चालला. दार काही उघडलं नाही. मंदिर काळ्या दगडाचं आहे हे मला माहीत होतं, म्हणून लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "बापू, दरवाजा पण काळा होता का?" ते म्हणाले, "रंग कोन बघतंय, बाई. आम्ही कडीकडं बघत व्हतो."

आईचं माहेर येवला. तिथंच १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पण आई येवल्याबद्दल बोलते ती बहुतेक रंगांबद्दल. लहानपणी ती पैठणीच्या मागावर कांड्या भरायला जायची, दिवसभर रेशीम गुंडाळायची. पैठणी नेसायला मिळाली नाही, पण रेशमाच्या लडींची नावं तिला पाठ झाली. त्यामुळं शेडकार्डाचं आणि तिचं काही जमत नाही. दुकानातला मुलगा नंबर सांगतो आणि ती म्हणते, "हा आमसुली. हा कोनफळी. हा डाळिंबी. हा अंजिरी म्हणतात तो, पण जरा उतरलेला." आमसूल, कोनफळ, डाळिंब, अंजीर ज्याला माहीत आहेत त्याला नंबर कशाला लागेल?

दुकानात जायच्या आधी मी पुण्याला भावाला फोन केला. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. "ताई, वरची खोली भाड्यानं द्यायची आहे ना आपल्याला? दोन महिने रिकामी आहे. कशाला उगाच? क्रीम दे, चॉकलेटी दे." मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याला पुण्यात फ्लॅट भाड्यानं घेताना काय काय विचारलं गेलं ते मला ठाऊक आहे, ८६ साली विचारायचे त्यापेक्षा फक्त शब्द गोड झालेत. आणि भीती मलाही वाटली. दाराचा रंग ही इतकीशी गोष्ट, पण फोन ठेवल्यावर मी खरोखर क्रीम रंगाचा विचार केला. अण्णांचाच रंग परत द्यावा, असाही केला. डब्याचं झाकण दुकानात दाखवलं की मशीनवर जुळवून देतात. पांढऱ्या बेसमध्ये थेंब-थेंब रंग पडतो, डबा गदगदा हलतो, पाच मिनिटांत तुमचा रंग तयार. अण्णांच्या आठवणीला धरून होईल, कुणी काही म्हणणार नाही. हे मला दोन-तीन दिवस फार पटलं होतं.

त्रिमूर्ती चौकाकडच्या दुकानात आम्ही दुपारी गेलो. आईनं शेडकार्ड उचललं आणि सरळ बाहेर रस्त्यावर नेलं. "आजी, आत लाइट आहे की," मुलगा म्हणाला. ती म्हणाली, "दार तुझ्या लाइटीत नाही लावलेलं, बाळा." शंभर टक्के खरं बोलली. दुकानातल्या ट्यूबखाली दिसतो तो रंग आणि पश्चिमेच्या उन्हात दिसतो तो रंग यांचा संबंध नसतो. शेडकार्डवरचा बोटभर तुकडा आणि सात फुटी फळी यांचाही नसतो. मोठ्या जागेवर रंग गडद आणि जोरकस वाटतो. म्हणून आम्ही चार नमुने छोट्या डब्यांत घेतले, प्लायच्या तुकड्यांवर लावले आणि दाराला टेकवून ठेवले. सकाळी सावलीत, चारला उन्हात, रात्री दिव्याखाली. कुणाला दार रंगवायचं असेल तर एवढं जरूर करा, थोडे पैसे जातात पण पुढची दहा वर्षं वाचतात.

चार तुकडे. एक क्रीम, भावासाठी. एक अण्णांचा, झाकणावरून जुळवलेला. दोन निळे. आई तीन दिवस येता-जाता बघत होती, आता दोन्ही डोळ्यांनी. चौथ्या दिवशी चार वाजता, ऊन दारावर असताना, तिनं अण्णांचा तुकडा उचलून हातात धरला.

"याच्यात हिरवं त्यांनी घातलं," ती म्हणाली. "त्यांना घालावं लागलं. आपण कशाला घालायचं?"

तिनं तो तुकडा आत नेऊन तसबिरीखाली ठेवला, क्रीमचा मोरीत टाकला, आणि उरलेल्या दोनांतला जास्त गडद बोटानं दाखवला. "हा."

काका कोजागिरीनंतर आले. आधी घासकाम. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम २०१७ पासूनचा, आमच्या दारावरचे थर त्याआधीचे. म्हणून मी काकांना मास्क दिला, कोरडं न घासता पाणी मारून घासायला सांगितलं, आणि शेजारच्या लहान मुलांना दिवसभर अंगणात येऊ दिलं नाही. पॉलिश पेपर फिरत गेला तसे थर निघत गेले. निळसर हिरवा, त्याखाली कॉफी, त्याखाली लेथचा हिरवा, सगळ्यात आत करडा. लेथच्या हिरव्यात, माझ्या तेव्हाच्या उंचीला, एक पुसट फरकाटा होता. माझाच असेल, फ्रॉकचा. नसेलही, काकांनी पेपर फिरवला आणि तो गेला. फुगलेली फळी त्यांनी रंधून बसवली, मग प्रायमर, लांबी म्हणजे खाचा भरायची पुट्टी, परत पेपर, आधी १८० नंबरचा आणि मग त्याहून बारीक २२० चा. "गडद निळ्याला तीन हात लागतील," त्यांनी आधीच बजावलं. गडद रंगाच्या बेसमध्ये पांढरं कमी असतं, त्यामुळं तो खालचं पटकन झाकत नाही. पहिल्या हाताला दार अगदी वाईट दिसलं, पट्ट्या-पट्ट्यांचं. मी घाबरले. आई घाबरली नाही. रेशीम रंगवताना पहिल्या बुडवणीत असंच दिसतं म्हणाली.

तिसरा हात संध्याकाळी पाचला संपला. जाताना काकांनी सांगितलं, "आज रात्री दार चौकटीला टेकू देऊ नका. चिकटेल, आणि उद्या ओढलं की पापुद्रा निघेल. उघडंच राहू द्या."

चाळीस वर्षांत त्या घराचं दार रात्री कधी उघडं राहिलेलं नव्हतं. मी वरवंटा आणून दाराच्या तळाशी लावला. आईनं उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकली. नऊच्या सुमारास पलीकडच्या काकू आल्या, गूळ-पोळीच्या. त्यांना आता काठी लागते. पायरीवर काठी टेकवून त्यांनी दार खालपासून वरपर्यंत बघितलं.

"वहिनी, निळा दिलात?"

"निळा," आई म्हणाली.

"मी सगळ्यांना हिरव्या दाराचं घर सांगते."

"आता निळ्या दाराचं सांगा."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि दुसरी खुर्ची कुठाय म्हणून विचारलं. त्या साडेदहापर्यंत बसल्या. त्यांचाही एक डोळा पिकलाय, डॉक्टर कोण, खर्च किती आला, टाके पडतात का, हे सगळं आईनं त्यांना समजावलं.

मी हॉलमध्येच अंथरूण टाकलं. मांजर दोनदा येऊन फिरून गेलं. रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास घरभर होता. पहाटे गार वारा सुटला तेव्हा जाग आली, तर आई उठून दारात उभी होती. अजून उजाडलं नव्हतं, दार नुसतं काळं दिसत होतं. तिनं बोटाच्या मागच्या बाजूनं हळूच हात लावून बघितला. वाळलं होतं. मग खुर्ची अंगणात नेऊन दाराकडं तोंड करून ठेवली आणि शाल गुंडाळून उजाडायची वाट बघत बसली.